प्राथमिक शाळेतील मुलांचे वजन आणि उंची: मोजावे कसे, वाचावे कसे

प्रगतिपत्रकावर उंची आणि वजन यांचे दोन छोटे रकाने असतात. गुणांच्या रकान्यांवरून घरोघरी तासभर चर्चा होते. या दोन रकान्यांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही आणि पाहिले तरी त्यांचा अर्थ लावण्याची सोय त्या पानावर नसते. वास्तविक पहिली ते चौथी या चार वर्षांत मुलाच्या प्रकृतीविषयी शाळेला अत्यंत कमी खर्चात जे कळू शकते, ते याच आकड्यांतून कळते. अट एवढीच की आकडे नीट मोजलेले असावेत, सोबत वय महिन्यांसह लिहिलेले असावे आणि प्रत्येक नवा आकडा मागच्या आकड्याशेजारी ठेवून वाचलेला असावा. वर्गशिक्षक, पालक-शिक्षक संघाचे सदस्य आणि घरी मुलाची वाढ टिपून ठेवू इच्छिणारे आईवडील यांच्यासाठी ही माहिती लिहिली आहे.

गोव्यात या विषयाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही एकाच वर्गात, कधीकधी एकाच बाकावर दिसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली होती. त्यांतील बरीच मुले आज प्राथमिक शाळेत आहेत. दुसरीकडे शहरी भागांत, आणि आता खेड्यांतही, पोट सुटलेली सात-आठ वर्षांची मुले डोळ्यांत भरू लागली आहेत. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशभरातील ५ ते ९ वयोगटातील २२ टक्के मुले खुजी, २३ टक्के कृश आणि ४ टक्के अतिवजनाची होती. लठ्ठ मूल लगेच लक्षात येते. खुजे मूल येत नाही, आणि या लेखाचा बराचसा रोख त्याच्याकडे आहे.

मोजणीची तयारी

वजनासाठी १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्यावा. घरगुती स्प्रिंगचा काटा आपल्याकडच्या दमट हवेत गंजतो आणि कोणाच्या लक्षात न येता किलो-दीड किलो इकडेतिकडे दाखवू लागतो. तो शाळेत वापरू नये. काटा सपाट, कडक फरशीवर ठेवावा, सतरंजीवर नव्हे. मोजणीपूर्वी वजन आधीच ठाऊक असलेली एखादी वस्तू, उदाहरणार्थ तांदळाची ५ किलोची सीलबंद पिशवी, काट्यावर ठेवून तो बरोबर दाखवतो की नाही, हे पाहावे. पिशवी शंभर-दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त कमी-अधिक दाखवू लागली, तर त्या दिवशी मोजणी करू नये.

उंचीसाठी स्टेडिओमीटर, म्हणजे सरकत्या पट्टीचे उंची मोजण्याचे उपकरण, असल्यास उत्तम. नसल्यास भिंतीवर कायमची पट्टी लावून घेता येते. मात्र भिंतीला तळाशी टाइल्सची पुढे आलेली कड असेल, तर ती जागा टाळावी, कारण टाच त्या कडेला अडते आणि पाठ भिंतीपासून दूर राहते. कापडी फीत ताणली जाते, म्हणून ती वापरू नये. डोक्यावर टेकवण्यासाठी काटकोनी लाकडी ठोकळा लागतो. पट्टी उंच मुलाच्या कपाळावर धरून अंदाजाने आकडा सांगण्याची पद्धत सर्रास आढळते. त्यापेक्षा उंची न मोजलेली बरी.

मोजणी वर्षातून दोनदा करावी: शाळा सुरू झाल्यावर जून-जुलैमध्ये एकदा आणि नाताळच्या सुट्टीनंतर जानेवारीत एकदा. उंचीतील बदल सहा महिन्यांपेक्षा कमी काळात विश्वासाने सांगता येत नाही, कारण तेवढ्यात होणारी वाढ मोजणीच्या चुकीत बुडून जाते. दोन्ही वेळा मोजणी सकाळीच व्हावी. दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधील चकत्या दबतात आणि दुपारपर्यंत उंची सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत कमी भरू शकते. या वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते, हे लक्षात घेतले तर एका सेंटिमीटरची चूक किती मोठी आहे, हे वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्ष मोजताना

दोन माणसे हवीत. एक मोजणारा आणि एक लिहिणारा. मुलाचे बूट, मोजे, पट्टा, स्वेटर किंवा रेनकोट काढून ठेवावा आणि खिसे रिकामे करावेत. तिसरीतल्या मुलाच्या खिशातून गोट्या, दगड आणि चिंचोके मिळून पाव किलोचा ऐवज निघणे ही नवलाची गोष्ट नाही. मूल काट्याच्या मध्यभागी, कशालाही न धरता उभे राहिले आणि आकडा स्थिर झाला की तो एका दशांशापर्यंत लिहावा.

उंचीच्या वेळी टाचा एकत्र आणि भिंतीला टेकलेल्या असाव्यात. कुल्ले, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग शक्य तेवढा भिंतीला लागावा. खरी मेख मानेत असते. "ताठ उभा राहा" म्हटले की मूल हनुवटी वर करते आणि उंची बदलते. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचे छिद्र जमिनीशी समांतर अशा एका रेषेत येतील, इतपत मान हलकेच सरळ करावी, मुलाला दीर्घ श्वास घ्यायला सांगावा आणि ठोकळा केस दाबले जातील असा डोक्यावर टेकवावा. मुलींचा अंबाडा, वर बांधलेली वेणी किंवा क्लिप आधी सोडून घ्यावी. आकडा वाचताना मोजणाऱ्याने आपले डोळे ठोकळ्याच्या पातळीवर आणावेत, त्यासाठी वाकावे लागले तरी चालेल. मग मुलाला बाजूला करून पुन्हा उभे करावे आणि दुसऱ्यांदा मोजावे. दोन आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक फरक आला, तर तिसरे मोजमाप घेऊन एकमेकांजवळच्या दोघांची सरासरी लिहावी.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. मोजणी वर्गासमोर करू नये आणि आकडा मोठ्याने पुकारू नये. पडद्याआड किंवा वेगळ्या खोलीत एकेका मुलाला बोलवावे आणि आकडा मुकाट्याने वहीत उतरवावा. ज्या मुलाचे वजन सर्वांसमोर वाचले गेले आणि वर्ग हसला, ते मूल पुढच्या मोजणीच्या दिवशी हमखास गैरहजर राहते. म्हणजे ज्याची नोंद सर्वांत आवश्यक, त्याचीच नोंद राहून जाते.

वयाची नोंद आणि हिशेब

पहिलीच्या एकाच वर्गात नुकतेच सहा वर्षांचे झालेले मूल आणि सात पूर्ण झालेले मूल शेजारी बसलेले असते. या एका वर्षात निरोगी मुलाची उंची पाच-सहा सेंटिमीटरने आणि वजन सुमारे दोन किलोने वाढते. त्यामुळे इयत्तेवरून तुलना करणे चुकीचे ठरते. जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरातून घ्यावी आणि मोजणीच्या दिवशी पूर्ण झालेली वर्षे व महिने लिहावेत. मुलांची वाढ चुकीची वाचली जाण्याचे सर्वांत सामान्य कारण काटा नसून "वय ७" असे ढोबळ लिहिणे हे असते.

त्यानंतर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, काढावा. वजन किलोमध्ये घेऊन त्याला मीटरमधील उंचीने दोनदा भागावे. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचे काम आहे. मोठ्या माणसांच्या अतिवजनासाठीचे २३ किंवा २५ हे आकडे मुलांना लावू नयेत. मुलांचा बीएमआय वय आणि लिंग यांनुसार बदलतो, म्हणून तो तक्त्यावरच वाचावा लागतो. आपल्याकडे दोन तक्ते प्रचारात आहेत: जागतिक आरोग्य संघटनेचा ५ ते १९ वर्षांसाठीचा २००७ चा आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा ५ ते १८ वर्षांसाठीचा २०१५ चा. बहुतेक बालरोगतज्ज्ञ दुसरा वापरतात आणि भारतीय मुलांसाठी तो अधिक रास्त आहे, असे मलाही वाटते. पण कोणताही एक निवडून चारही वर्षे तोच चालवावा. मध्येच तक्ता बदलला की मुलाची रेषा विनाकारण उडी घेते. खालील उदाहरणांतील मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातील आहेत.

आकडे काय सांगतात

आठ वर्षे पूर्ण झालेल्या तीन मुलग्यांची उदाहरणे घेऊ. या वयाच्या मुलग्याची मध्यम उंची सुमारे १२७ सेंटिमीटर असते. ११६ च्या खाली उंची असल्यास ते मूल खुजे समजले जाते. बीएमआय १३.३ च्या खाली गेल्यास कृश, १७.४ च्या वर गेल्यास अतिवजन आणि १९.७ च्या वर गेल्यास लठ्ठपणा.

पहिल्या मुलाची उंची १२८ सेंटिमीटर आणि वजन ३० किलो आहे. त्याचा बीएमआय १८.३ येतो, म्हणजे तो अतिवजनाच्या पट्ट्यात आहे, लठ्ठपणाच्या नाही. दुसरा तेवढ्याच उंचीचा आणि २१ किलोचा, बीएमआय १२.८, म्हणजे कृश. हे दोघेही नजरेला दिसतात. तिसऱ्याची उंची ११४ आणि वजन १९ किलो आहे. त्याचा बीएमआय १४.६ येतो, जो अगदी सामान्य आहे, आणि केवळ बीएमआय पाहणारा त्याला "ठीक" असा शेरा देऊन पुढे जाईल. प्रत्यक्षात तो खुजा आहे. त्याचे वजनही कमी आणि उंचीही कमी, त्यामुळे दोन्हींचे प्रमाण जुळते आणि तो आटोपशीर, काटक दिसतो. प्रार्थनेच्या रांगेत उंचीप्रमाणे उभे केले की तो पहिला असतो. दुसरीतही पहिला, तिसरीतही पहिला. शिक्षकांना त्याची सवय होते, घरी "आमच्याकडे सगळेच बुटके" म्हटले जाते आणि वर्षे निघून जातात. म्हणून बीएमआयच्या आधी उंची वाचावी.

आईवडील बुटके असतील तर मूलही बुटके असू शकते, हे खरे आहे, आणि ते पडताळण्याची सोपी रीत आहे. आई आणि वडील यांच्या उंचीची सरासरी काढून मुलग्यासाठी तीत ६.५ सेंटिमीटर मिळवावेत, मुलीसाठी तेवढेच वजा करावेत. मूल मोठेपणी साधारण या उंचीच्या आसपास पोचणे अपेक्षित असते. मात्र आईवडिलांची उंचीच लहानपणीच्या उपासमारीमुळे खुंटलेली असेल, तर हा आधार लंगडा पडतो. त्यापेक्षा वाढीचा वेग अधिक खरे बोलतो. सहा वर्षांनंतर, वयात येण्यापूर्वी, वर्षभरात ४ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ झाली, तर मूल कोणत्याही घरातले असो, डॉक्टरांना दाखवावे. बुटके मूल वर्षाला साडेपाच सेंटिमीटर वाढत असेल, तर काळजी बरीच कमी होते. मध्यम उंचीचे मूल वर्षात तीनच सेंटिमीटर वाढले, तर ते अजून वर्गात बुटके दिसत नसले तरी काहीतरी बिघडले आहे. हे दोन आकड्यांशिवाय कळणे शक्य नाही.

पहिलीतल्या मुलांच्या बाबतीत उलट प्रकारची काळजी केली जाते. बाळसेदार मूल पाच-सहा वर्षांचे होताना उंच होते, अंगावरची चरबी उतरते आणि बरगड्या दिसू लागतात. बीएमआय या सुमारास तान्हेपणानंतरच्या नीचांकावर येतो आणि मग पुन्हा चढू लागतो. ही नैसर्गिक चाल आहे. "खाल्लेले अंगाला लागत नाही" म्हणून आणलेल्या टॉनिकच्या बाटल्या बहुधा याच वयात घरात शिरतात, आणि त्यांची गरज नसते. उलट पाच वर्षांच्या आधीच बीएमआय चढू लागला, तर पुढे लठ्ठपणाची शक्यता वाढते, हे अभ्यासांतून दिसले आहे. पण त्या चढणाऱ्या रेषेचे घरात कौतुकच होते.

लठ्ठ मुलाची नोंद वाचतानाही उंची मदतीला येते. नुसते जास्त खाणे आणि कमी हालचाल यांमुळे जाड झालेले मूल बहुधा वयाच्या मानाने उंचही असते. मूल जाड आहे आणि त्याची उंची मात्र वाढत नाही, असे दिसल्यास थायरॉइड किंवा अन्य ग्रंथींचा दोष असण्याची शक्यता असते आणि तपासणी लांबवू नये. मानेच्या मागे व काखेत काळसर, मखमली, जाडसर कातडी दिसली तर तो मळ नव्हे. पालक ती दगडाने घासून काढू पाहतात, मुलाची कातडी सोलवटते आणि काळेपणा तसाच राहतो. ती शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते.

डॉक्टरकडे केव्हा पाठवावे

उंची किंवा बीएमआय तक्त्याच्या खालच्या रेषेबाहेर असेल, बीएमआय लठ्ठपणाच्या रेषेच्या वर असेल, वर्षाची उंचीवाढ ४ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन मोजण्यांच्या दरम्यान वजन घटले असेल, तर मुलाला पाठवावे. आठ वर्षांच्या आत मुलीच्या किंवा नऊ वर्षांच्या आत मुलग्याच्या शरीरात वयात येण्याच्या खुणा दिसल्या तर त्याचीही तपासणी हवी. अशी मुले आधी झपाट्याने उंच होतात आणि सर्वांना बरे वाटते, पण त्यांची वाढ लवकर थांबते. एका बाबतीत मात्र दिवसही घालवू नये. मूल अचानक बारीक झाले, सारखे पाणी मागू लागले, वारंवार लघवीला जाऊ लागले किंवा अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय परत आली, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी. बालवयातील मधुमेहाची सुरुवात अशी होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला असून त्याअंतर्गत आरोग्य पथक शाळेत येऊन जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. पथक येईल त्या दिवशी शाळेची स्वतःची वही त्यांच्यासमोर ठेवावी. पथकाला त्या दिवसाचा एक आकडा मिळतो. शाळेकडे मागचे तीन-चार असतात आणि डॉक्टरांना ते अधिक उपयोगी पडतात. एरवी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरुवात करावी. तेथून गरजेप्रमाणे म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात आणि पुढे बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पाठवले जाते. किडलेल्या दातांची चौकशी आवर्जून करावी. दाढ दुखते म्हणून चावून खाणे टाळणारे मूल वजनात मागे पडते आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. शाळेतून ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्याला दिली जाणारी लोहाची गुलाबी गोळी आणि १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळी चुकू देऊ नये.

पालकांना सांगताना

शेरा लिहू नये, आकडे द्यावेत. बंद पाकिटात मागच्या आणि आताच्या मोजणीचे आकडे, त्यांचा तक्त्यावरील अर्थ आणि पुढे काय करावे, एवढे तीन-चार ओळींत लिहावे. "तुमचा मुलगा लठ्ठ आहे" यापेक्षा "गेल्या वर्षभरात उंची ५ सेंटिमीटर आणि वजन ७ किलो वाढले आहे, या वयात वजनाची वाढ साधारण दोन ते तीन किलो असते" हे वाक्य पालक ऐकून घेतात. वडिलांनाही बोलवावे आणि घरात आजी असेल तर तिलाही. दुपारच्या जेवणाची सूत्रे पुष्कळ घरांत तिच्या हाती असतात.

अतिवजनाच्या मुलाला उपाशी ठेवणे, भात बंद करणे किंवा मोठ्यांचे डाएट लावणे हे सर्व टाळावे. मूल वाढते आहे. वजन तेवढेच राखले आणि उंची वाढत गेली, तरी वर्ष-दीड वर्षात बीएमआय आपोआप खाली येतो. पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाला दोष देण्यात अर्थ नाही. पण सकाळी चहा आणि बिस्किट खाऊन आठ वाजता शाळा, मधल्या सुट्टीत चिप्सचे पाकीट, घरी आल्यावर पाव आणि संध्याकाळी कोल्ड्रिंक, असा दिवस असेल, तर त्यात पोट भरते आणि प्रथिने जवळजवळ नसतात. याच दिवसक्रमाने एक मूल जाड होते आणि दुसरे खुजे राहते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ व साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पालक-शिक्षक संघाने हा नियम वाचून ठेवावा.

पीएम पोषण योजनेतील माध्यान्ह आहारातून प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरले आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे १,७०० कॅलरींची आहे, म्हणजे उरलेले तीन हिस्से घरूनच यायचे असतात. मासळीवर अवलंबून असलेल्या घरांत १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी आणि पाठोपाठ येणारा श्रावण, असे बरेच आठवडे ताटातील प्रथिने आटतात. त्या काळात अळसांदे (चवळी), मूग, वाटाणे यांचे तोंडाक (रस्सा), अंडी, दही आणि चालत असेल त्या घरी सुकी मासळी ताटात येईल, असे पाहावे. सकाळी उकड्या तांदळाच्या पेजेसोबत नुसते लोणचे न देता मुगाची उसळ किंवा अंडे द्यावे; नाचणीची आंबील हा दुसरा चांगला पर्याय आहे. कृश मुलाला यात वरून चमचाभर तूप किंवा शेंगदाणे द्यावेत.

हालचालीबद्दल थोडक्यात: रोज सरासरी एक तास दम लागेल असा खेळ आणि ९ ते १२ तास झोप. बालरथाने, म्हणजे शाळेच्या बसने, मुलांचे हाल वाचवले हे निर्विवाद आहे, पण शाळेपर्यंतची चालही गेली, तेव्हा ती भरपाई मैदानावर व्हायला हवी. पावसाळ्यात मैदान चिखलात गेले तरी शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देऊ नये. सभागृहात किंवा व्हरांड्यात दोरीउड्या आणि लंगडी चालते.

चौथीनंतर मूल दुसऱ्या शाळेत जाते आणि वही मागे राहते. दाखला देताना चार वर्षांच्या नोंदींची एक प्रत पालकांच्या हाती द्यावी आणि ती पाचवीच्या वर्गशिक्षकांना दाखवायला सांगावे. मुलींची झपाट्याने उंच होण्याची वर्षे साधारण दहा-अकराव्या वर्षी सुरू होतात, मुलग्यांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. त्या वेळी वेग योग्य आहे की नाही, हे ठरवायला आधीची रेषा हाताशी लागते.